एकदाच विचारणारं घर

बारीक व्हायचं असेल तर जास्त खा, असं मला लातूरच्या दवाखान्यात एका पोरीनं सांगितलं. पोरगी नातीच्या वयाची. गळ्यात पट्टा, पट्ट्याला तिचाच फोटो, आणि दारावर ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी. माझी शाळा चौथीपर्यंतची, तरी तेवढी पाटी वाचता आली. वाचून मनात आलं, जेवायचं कसं हे सांगायलाबी आता पाटीवालं माणूस लागतंय. म्हशीला कुणी सांगतं का कडबा कसा खायचा म्हणून?

“आजोबा, तुम्ही फारच कमी खाताय,” ती म्हणाली. “अशानं चरबी नाही उतरत. अंगातलं मांस उतरतं.”

“वजन उतरवा आसं तुमीच म्हणलाव की.”

“हो, पण खाऊन उतरवायचं.”

मी शेजारी बसलेल्या सुनेकडं बघितलं. सून माझ्याकडं बघंना. असलं उफराटं बोलणं मी अहमदपूरच्या मोंढ्यात कधी ऐकलं नव्हतं, आणि मोंढ्यात मी सगळी जवानी घातलीय. तिथं व्यापारी खोटं बोलायचे, अडते खोटं बोलायचे, पण पोतं हलकं करायचं असेल तर त्यात आणखी भरा, असं कुणी म्हणलं नाही.

मी हमाल. ट्रकाच्या फाळक्याला पाठ लावायची, वरचा माणूस पोतं पाठीवर सोडायचा, ते घेऊन फळीवरून चढायचं आणि थप्पीला लावायचं. तूर, हरभरा, ज्वारी, पुढं पुढं नुसतं सोयाबीन. त्या कामाला भाकर लागती. आम्ही किती खायचो ते आता सांगितलं तर हा म्हातारा फेकतोय म्हणतील. फडकं सोडलं की भाकरीची चवड, वर ठेचा, बाजूला अंबाडीची भाजी, आणि ते संपवून पुन्हा कुणाच्या फडक्यात काही उरलंय का ते बघायचं. तेव्हा कॅलरी नव्हती. भूक होती.

मग वय झालं, गुडघे बोलायला लागले, पोती सुटली. खाणं मात्र सुटलं नाही. बायको तेवढंच वाढायची, मी तेवढंच खायचो. पाठीवरचं पोतं खाली ठेवलं ते पोटात जाऊन बसलं. दहाएक वर्षांत मी असा सुटलो की मोंढ्यातली पोरं मला बघून म्हणायची, दादा, तुम्हालाच थप्पीला लावावं लागतंय आता.

बायको गेली त्याचं वर्षश्राद्ध होऊन गेलंय. तिच्या दहाव्या-तेराव्याला आलेले लोक पांगले, आणि पोरानं घराला कुलूप घातलं, मला गाडीत बसवलं आणि नांदेडला नेलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणलं असतं, म्हणून विचारलं नसेल. तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. “आबा, लिफ्ट आहे,” असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा, जशी मला लिफ्टचीच हौस होती.

अहमदपूरचं घर म्हणजे मोंढ्याच्या मागं दोन खोल्या आणि न्हाणी. पण चढायला उंच पायऱ्या आहेत, संडास खाली बसायचा आहे, पाणी हौदातून उपसावं लागतं. माझ्या गुडघ्यांनी यातलं एकबी होत नव्हतं. पोरगा म्हणायचा, घर पडून राहिलं की खराब होतं, एखादा भाडेकरू बघू. मी म्हणायचो, गुडघे नीट करून घेतो आन् मी जातो, मलाच भाडेकरू समज. एवढ्यासाठी मी लातूरला गेलो. हाडाचा डॉक्टर म्हणाला, दोन्ही गुडघे बदलता येतील, पण या वजनाला मी हात लावणार नाही, आधी उतरवून या. म्हणजे हिशोब सरळ होता. वजन उतरलं तर गुडघे, गुडघे झाले तर माझं घर. नाही तर तिसरा मजला आणि लिफ्ट.

मी म्हणलं, उपाशी राहणं काय अवघड हाय? गरिबाच्या पोरांना ते शिकवावं लागत नाही.

पण मी उपाशी राहायचं ठरवलंबी नव्हतं. त्या पाटीवाल्या पोरीनं पहिल्या खेपेला खाणं नेमून दिलं होतं, आणि ते काही वाईट नव्हतं. दुपारी दोन पोळ्या नाही तर भाकर, वाटीभर डाळ, भाजी, दही, मोडाचं काहीतरी. पुन्हा संध्याकाळी तसंच. सुनेनं ते फ्रीजवर चिकटवलं. घोळ झाला तो वाढण्यात.

आमच्यात जेवायची एक रीत आहे. वाढणारा म्हणतो, भाकर देऊ का. जेवणारा म्हणतो, नको. वाढणारा म्हणतो, घ्या की. जेवणारा ताटावर हात आडवा धरतो. मग वाढणारा त्या हाताच्या फटीतून भाकर बरोबर ताटात सोडतो, जेवणारा म्हणतो, आवं कशाला, आणि खातो. पहिल्याच विचारण्याला ‘घाल’ म्हणणारा माणूस हावरा. आमच्या एका सोयऱ्यानं लग्नाच्या पंगतीत पहिल्याच फेरीला बुंदी घाला म्हणलं होतं. तो पुढं सरपंच झाला, म्हातारा झाला, मेला, तरी लोक त्याला बुंदीवालाच म्हणतात.

माझी बायको तर विचारायचीच नाही. तव्यावरची भाकर सरळ ताटात.

“आगं नको म्हणलं ना.”

“गप खावा.”

“पोट हाय का कणगी?”

“कणगीच हाय. मीच लिंपलीय.”

असं आमचं चालायचं. मी जन्मात कधी भाकर मागितली नाही आणि मला कधी कमी पडली नाही.

सून संभाजीनगरची. कॉलेजात शिकवते. वागायला वाईट नाही, पण तिच्या घरी माणसं जेवतात कशी ते देवाला ठाऊक. ती ताटात एक पोळी वाढायची, चमचाभर भाजी, पळीभर डाळ. आणि मग विचारायची, “आबा, अजून एक पोळी देऊ?”

मी म्हणायचो, “नको.”

ती म्हणायची, “बरं.”

आणि पोळ्यांचा डबा झाकून टाकायची.

बरं! बरं म्हणजे काय? मी हात आडवा धरायच्या आत डबा बंद. दही देऊ? नको. बरं. डाळ? नको. बरं. म्हणजे कागदावर जे होतं त्यातलं पहिलं तेवढं माझ्या ताटात यायचं आणि बाकीचं सगळं विचारण्यात जायचं. पहिल्या दिवशी वाटलं, दमून आली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मुद्दाम करतीय. आठवडाभरानं कळलं की मुद्दाम बिद्दाम काही नाही, तिला खरंच वाटतंय की मला नको. शिकलेल्या माणसाला नको म्हणलं की नको ऐकू येतं. त्यापलीकडचं ऐकायचं त्यांच्या शाळेत नसतं.

मागावं म्हणाल, तर ते माझ्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. तोंड उघडून ‘पोरी, पोळी दे’ म्हणायचं? बायको असती तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं, आणि माझ्या आधी पोराला, बापाला मागायची पाळी आणली म्हणून.

भूक पहिले काही दिवस लागली. मग तीबी लागंना. भुकेलाबी मान असतो. दोनचारदा दारावरून परत पाठवली की ती येत नाही.

वजन उतरायला लागलं. पोरानं काचेचा काटा आणला होता, त्यावर मला उभं करायचा आणि वाकून आकडा बघायचा. “वा आबा!” म्हणायचा. लिफ्टमधले लोक म्हणायचे, काका, काय करता हो, आम्हालाबी सांगा. एक बाई तर, तिचा नवरा दारातून आडवा जाईल एवढा, मला म्हणाली, तुमचा डाएट पाठवा ना मोबाईलवर. मी म्हणलं, माझी सून पाठवून देतो. ती हसली. मी हसलो नव्हतो.

आमच्या बिल्डिंगच्या खाली एका म्हाताऱ्या मुसलमान टेलरचं दुकान आहे. तीन पिढ्यांचं शिवणकाम त्यांचं. नांदेडात मला बोलायला तेवढं एकच माणूस. मी सदरे आत घ्यायला त्याच्याकडं न्यायचो आणि तिथंच स्टुलावर बसायचो. दुसऱ्यांदा सदरे नेले तेव्हा त्यानं टेप माझ्या छातीला लावला आणि तसाच धरून ठेवला.

“अहमदपूरवाले, कपडा कम करना मेरा काम है। पर आदमी कम हो रा, उसका क्या?”

“डॉक्टरनं सांगितलंय.”

“डागदर मरने कू बोल्या?”

“गुडघे करायचेत.”

“घुटने रह जाते और तुम चले जाते, देख लेव.”

शुक्रवारी सकाळी त्यानं मला घरी नेलं. दुकानाच्या मागंच घर. खिचडी, वर आंबट खट्टा, बाजूला खिमा. मी म्हणलं, नको नको, मी खाऊन आलो. आतून त्याची बायको बोलली, “नक्को तो सब बोलतेच भाईसाब, आप खाव.” आणि तिनं मोठा डाव भरून खिचडी माझ्या ताटात पालथी केली. मी हात आडवा धरला, तर खट्टा हाताच्या कडेनं आत. पुन्हा नको म्हणलं तर पुन्हा खिमा. त्या दिवशी मी जेवलो. घाम येईपर्यंत जेवलो. त्या बाईला माझं नावबी ठाऊक नव्हतं, डाएट ठाऊक नव्हता, पण नको म्हणजे काय ते ठाऊक होतं.

पण शुक्रवार काय रोज येतो? वर येऊन पुन्हा ती एक पोळी आणि ते ‘बरं’. एके दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि मला समोर नुसतं पिवळं दिसलं. मी भिंतीला धरून खाली बसलो. बसलो म्हणजे बसवला गेलो. त्या गुडघ्यांनी मला पुन्हा उठता येईना, आणि लिफ्टचं दार माझ्या पायाला लागून उघडायचं, मिटायचं, उघडायचं. ज्या बाईला डाएट पाहिजे होता तिनंच वॉचमनला हाक मारली.

म्हणून लातूर, आणि म्हणून ती पाटीवाली पोरगी. ती म्हणाली ते वर सांगितलंच आहे. हाडाच्या डॉक्टरनं रक्ताचे कागद बघितले आणि बाजूला सरकवले.

“वजन उतरलं, ते छान आहे. पण रक्त नाही, प्रोटीन नाही. आता कापलं तर जखम भरणार नाही. आधी खा. वजन सावकाश उतरू दे, पण खाऊन. हे आकडे वर आले नाहीत तर गुडघ्यांचं विसरा.”

मी विचारलं, “म्हणजे लठ्ठ हाय म्हणून न्हाई, आन् बारीक झालो म्हणून बी न्हाई?”

“असंच समजा,” तो म्हणाला. डॉक्टर लोकांना लाज नसते.

परत येताना चाकूर मागं पडलं तेव्हा सून पुढच्या सीटवरून मागं वळली.

“आबा, मी रोज विचारत होते. रोज. आणि तुम्ही रोज नको म्हणालात.”

“म्हणलो.”

“मग?”

“मग काय मग? एकदा विचारून कुणी जेवतंय का?”

पोरगा स्टिअरिंगवर हसायला लागला. “अगं, आमच्याकडं तीनदा विचारावं लागतं. तोपर्यंत नाहीच म्हणतात.”

आता ती त्याच्याकडं वळली. “तुला माहीत होतं?”

“मला काय माहीत आबा असं करतायत? मी तर मागून घेतो.”

“तू हावराच हायस,” मी म्हणलं. “ल्हानपनापासून.”

“म्हणजे,” ती एकेक शब्द मोजून म्हणाली, “तुम्ही चक्कर येऊन पडलात, पण पोळी मागितली नाही.”

“मागून खाया मी काय दारावर आलोय?”

ती पुढं वळली आणि काचेतून बघत बसली. अहमदपूर आलं. स्टँड गेला, मोंढ्याचं वळण दिसलं. मी म्हणलं, गाडी घे आत, घर बघू. पोरगा म्हणाला, आबा, उशीर होईल. त्याचा उशीर मला कधी कळला नाही. घरी जाऊन मोबाईलच बघायचा असतो.

दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद झालं. सगळं एकदम ताटात. पोळ्या, डाळ, उसळ, पनीर, दही, उकडलेलं अंडं. वर सुनेच्या मोबाईलमध्ये हिशोब. ती बोटानं सरकवत सांगायची, आबा, अजून तीनशे कॅलरी राहिल्यात. जशा मी कुणाकडून उसन्या आणल्यात.

आणि आता मला खाता येईना.

हे कुणाला पटत नाही. वजन उतरवायचंय त्याला खायला काय जड, म्हणतात. ज्यांना रात्रंदिवस खावंसं वाटतं त्यांनाच असं वाटतं. माझं आतडं आक्रसून गेलं होतं. अर्ध्या पोळीला घास घोळायला लागायचा. पनीर म्हणजे तर चावायचा खडू. लोक ते पैसे देऊन, हॉटेलात रांग लावून खातात हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं. मग सुनेनं डब्यातली पावडर आणली. दुधात कालवून द्यायची. पेला तोंडाला लावला की भिंत चाटल्यासारखं. पोरगा म्हणायचा, आबा, जिममधली पोरं हेच पितात. मी म्हणलं, म्हणून त्यांची तोंडं तशी असतात.

नको तितक्या सल्ल्यांचा पाऊस पडला. लिफ्टवाल्या बाईनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, त्यात एक माणूस टेकडीवर उभा राहून सांगत होता की जेवणाकडं आनंदानं बघा. माझ्या समोर आणा त्याला. माझं ताट पुढ्यात, समोर रिकामी खुर्ची, आणि आनंदानं बघ म्हणतोय. टेकडीवर उभं राहून काहीबी बोलता येतं. खाली उतरून जेवून दाखव.

खरं काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, इथं सांगतो. बायको शेवटी शेवटी काही खात नव्हती. तिचं मूत्रपिंड गेलं होतं. पातळ केलेली कण्यांची पेज मी चमच्यानं भरवायचो. ती नको म्हणायची. मी म्हणायचो, घे की. ती मान फिरवायची. मी म्हणायचो, गप खा, तुजंच बोलणं हाय हे. आणि तिसऱ्या खेपेला ती तोंड उघडायची. थोडं हसायचीबी. रोज असंच. मग एके दिवशी तिसऱ्यांदा म्हणलं तरी तोंड उघडलं नाही. मी चौथ्यांदा म्हणलं. आमच्यात तिसऱ्याच्या पुढं कुणी विचारत नाही. मी म्हणतच राहिलो. चमचा गार झाला.

आता पाटीवाल्या पोरीला कुठल्या कॅलरीत हे बसवायचं?

असेच काही आठवडे गेले. मी निम्मं खायचो, निम्मं ठेवायचो. सून निम्मं उचलायची आणि ओठ आवळून मोबाईलमध्ये लिहायची. एका रविवारी पोरगा बाहेर गेला होता. सुनेनं धपाटी केली होती. कुठून शिकली काय की, पण घट्ट, जाड, कडेला कच्ची. मी एक खाल्लं आणि हात धुवायला उठायला लागलो.

“बसा,” ती म्हणाली.

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

“हे बघा आबा. मला आईंसारखं वाढता येत नाही. मला कुणी नको म्हणलं की मला वाटतं नको. माझ्या आईनं मला तसंच शिकवलंय, कुणाला बळजबरी करायची नाही. मी कॉलेज करून येते, स्वयंपाक करते, आणि तुम्ही त्या ताटाकडं असं बघता जसं मी त्यात माती घातलीय.”

“म्या काय बोललो का?”

“बोलत नाही तेच तर. आणि एक सांगू? ते ऑपरेशन झालं नाही तर तुम्ही जन्मभर इथंच राहणार. या खुर्चीत. माझ्या समोर. रोज तिन्ही टाइम. तुम्हाला पाहिजे आहे का ते?”

“न्हाई.”

“मलाही नाही.”

या घरात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं. नाही तर सगळे, आबा तुमचंच घर आहे, आबा संकोच करू नका, असलं वर्तमानपत्रातलं बोलायचे. ती उठली, तव्यावरचं धपाटं उलथन्यावर घेऊन आली. मी सवयीनं ताटावर हात आडवा धरला. फटीतून सोडायची कळ तिला कुठून असणार? तिनं धपाटं माझ्या हातावरच ठेवलं. गरम. वर दह्याचा चमचा ओतला, तोबी हातावरच.

“आगं भाजलं की!”

“मग खा पटकन.”

मी हातावरचंच खाल्लं. दही कोपरापर्यंत ओघळलं. पुसायला फडकंबी तिनं दिलं नाही, उभीच राहिली. धपाटं कच्चंच होतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, पुढचं कडक करते. तिनं केलं. तेबी मी खाल्लं.

त्यानंतर ती शिकली असं मी म्हणणार नाही. आजबी तिला वाढता येत नाही. विचारते कमी आणि आदळते जास्त. पण मी खायला लागलो. आवडीनं नाही. ट्रक लागला की पोतं आवडतंय का असं हमाल बघत नाही, उचलतो. तसं मी खाल्लं. उसळ उचलली, अंडं उचललं, पनीर डोळे मिटून उचललं. पावडर मात्र मी टेलरच्या बोकडाला पाजायला नेली होती. त्यानंबी तोंड फिरवलं. शेवटी पावडरीच्या जागी शेंगदाण्याचा लाडू कबूल झाला. एकदा दुपारी ती कॉलेजातून यायची होती, पोटात कावळे ओरडत होते, म्हणून मी स्वतः उठून डबा उघडला आणि पोळी घेतली. कुणी बघितलं नाही. बरं झालं. बुंदीवाल्याच्या रांगेत मला बसायचं नव्हतं.

पुन्हा लातूर. पाटीवाली पोरगी कागद बघून म्हणाली, “बघा आजोबा, खाऊन उतरतं की नाही?” जसं धपाटी तिनंच थापली होती. वजन खरंच थोडं उतरलं होतं आणि रक्त वर आलं होतं. हाडाचा डॉक्टर म्हणाला, आधी एक गुडघा करू, तो चालला की दुसरा. तारीख दिली. मग विचारलं, “घरी बघायला कोण आहे? पहिले दोन महिने माणूस लागतं.”

पोरगा मोबाईल बघत होता. “मी आहे,” सून म्हणाली. कॉलेजाच्या सुट्ट्यांचं कसं करणार ते तिनं डॉक्टरलाच सांगायला सुरुवात केली. त्याला त्याचं काय?

परत येताना मी म्हणलं, “आज गाडी मोंढ्याकडं घ्यायचीच.”

घेतली. पायऱ्या मी पोराच्या खांद्यावर हात टाकून चढलो. कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडावं लागलं. आत धूळ, पालीची लेंडकं, हौदाच्या तळाला हिरवं. चुलीजवळच्या फडताळात बायकोची परात, काटवट, सगळं जागच्या जागी पालथं घातलेलं. मी बघितलं, कुठं गळतंय का, कुठं वाळवी लागलीय का. पोरानं खिडक्या उघडल्या.

मी म्हणलं, “भाडेकरू आणायचा न्हाई. दोन्ही गुडघे झाले की मी हितं येणार.”

सून दारात उभी होती, पदरानं नाक झाकून.

“या की,” ती म्हणाली. “पण इथं नको कुणाला म्हणणार?”

पोरानं तिच्यावर डोळे वटारले. ती मागं हटली नाही. चांगली बोलायला शिकलीय, आमच्यात राहून.

मोंढ्यात एवढी वर्षं काढली, तोंडाला तोंड दिल्याशिवाय मी कुणाला सोडलं नव्हतं. आज मी नुसतं म्हणलं, चला, उशीर होतोय, आणि कुलूप स्वतः लावलं. चावी पोराला दिली नाही. ती माझ्या लेंग्याच्या खिशात आहे.

येणार म्हणजे येणारच मी. तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत रक्त खाली यायला नको म्हणून खाणं चालू आहे. पनीर अजूनबी खडूसारखंच लागतं.